न उघडणारी डबी

श्रावणातल्या एका सोमवारी सकाळी, बाळीवेशीतल्या आपल्या घराच्या मोरीत, गुरुसिद्धप्पांना कळलं की देव आपल्याकडे नाही.

कळलं ते असं. अंघोळ करून उठताना शेवाळावरून पाय सरकला आणि ते खाली बसले. त्यांना काही झालं नाही, बहात्तराव्या वर्षापर्यंत माणूस पडायला शिकलेला असतो. पण गळ्यातली चांदीची डबी दगडावर आपटली आणि टचकन उघडली. पाच वर्षांत पहिल्यांदाच. आत थोडं अंघोळीचं पाणी शिरलं आणि बाहेर आलं. त्याशिवाय आत काही नव्हतं.

लिंगायताच्या घरात मूल जन्मलं की त्याच्या गळ्यात इष्टलिंग बांधतात आणि माणूस मेला की तेच लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवून त्याला मातीत बसवतात. मधली जी काही वर्षं मिळतील त्यांत रोज अंघोळीनंतर डबी उघडायची, लिंग तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची, बेल वाहायचा आणि मगच तोंडात घास घालायचा. लिंग हरवलं तर सापडेपर्यंत अन्न नाही. हा नियम गुरुसिद्धप्पांना लहानपणापासून तोंडपाठ होता, कारण तो आपल्याला कधी लागू पडेल असं त्यांना वाटलंच नव्हतं.

आता पाच वर्षं डबी उघडली कशी नाही, हे सांगायला पाहिजे. त्या डबीचं झाकण पहिल्यापासून घट्ट. गुरुसिद्धप्पांची बोटं साठीनंतर वाकडी झाली, तेव्हापासून ते काम नागम्मा करायची. रोज सकाळी ती चुलीपुढून उठायची, त्यांच्या गळ्यातली डबी धरून त्यांना चौकटीपाशी ओढत न्यायची आणि डबी चौकटीवर हाणायची. चौकटीला तिथं अजून खळगा आहे. "घ्या तुमचा देव," असं म्हणून ती परत चुलीपुढं जायची. नवराबायकोत दिवसभरात जी काही जवळीक व्हायची ती एवढीच.

त्र्याहत्तर साली नागम्मा गेली. डबी कुणाकडून उघडून घ्यायची? मुलाला सांगावं तर तो दुकानाला निघालेला. सुनेला सांगावं तर गळ्याला हात लावू द्यावा लागणार. तेव्हा गुरुसिद्धप्पांनी सोपा मार्ग काढला. बंद झाकणावरच विभूती लावायची आणि त्यावरच बेल ठेवायचा. देवाला आतून ऐकू येत असेल असं धरून ते त्याच्याशी बोलू लागले.

लिंग दिसत होतं तेव्हा ते इतकं कधी बोलले नव्हते. आता मात्र पहाटेचा तेवढा वेळ त्यांचा असायचा. आमटी पाण्यासारखी असते हे सांगून व्हायचं. तूरडाळीच्या दुकानात मुलानं, तिप्पण्णानं, बापाची गादी उचलून पोत्यांच्या मागं टाकली, हेही सांगून व्हायचं. बरंचसं गाऱ्हाणं नागम्माबद्दल असायचं. आधी मी जाणार असं ठरलेलं असताना ही पुढं पळाली. चाळीस वर्षं बोलली नाही आणि जातानाही बोलली नाही. शेंगाचटणी कशी करायची ते कुणाला शिकवलं नाही. आणि सगळ्यात शेवटी रोज एकच मागणं: आता मला ने.

एवढं बोलून झालं की छातीवरून पोतं उतरवल्यासारखं वाटायचं. कुणीतरी ऐकतंय, नीट ऐकतंय, मधे बोलत नाही. म्हातारपणात सुख म्हणतात ते हेच असावं, असं त्यांना वाटू लागलं होतं. तरुणपणी त्यांनी देवाला कधी इतका वेळ दिला नव्हता आणि कुणी त्यांचं इतकं ऐकूनही घेतलं नव्हतं.

आणि डबी रिकामी होती.

"मामा, उप्पीट निवलं की," दाक्षायणी स्वयंपाकघरातून ओरडली.

"मी खाणार नाही."

"मिरची कमी घातलीय."

"देव हरवलाय."

सून बाहेर आली. तिनं सासऱ्याकडं पाहिलं, डबीकडं पाहिलं, आणि हे आजच करायचं ठरवून केलंय का अशा नजरेनं परत सासऱ्याकडं पाहिलं. "कधी हरवला?"

"ते देवाला माहीत."

मोरी उपसली. खाटेखालची बोचकी झटकली. तिप्पण्णानं चाळणी आणून मोरीतला गाळ चाळला. त्यात एक गुंडी, लहानपणी हरवलेली त्याची स्वतःची गोटी आणि नागम्माच्या जोडव्याचा तुकडा निघाला. देव निघाला नाही. चाळताना तिप्पण्णा वर बघत नव्हता, पण ते तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

"नवीन बांधून घेऊ की, आप्पा," तो चाळणी धुता धुता म्हणाला. "अय्यांना बोलावतो. अर्ध्या तासाचं काम."

"चष्मा आहे का तो?"

"तसं नाही..."

"आज्जानं मांडीवर घेऊन बांधलेलं लिंग आहे ते. तेच पाहिजे. ते हातात नसताना मला मातीत बसवू नका. आणि ते मिळेपर्यंत मी जेवणार नाही."

आणीबाणी उठून वर्ष झालं होतं, पण दाक्षायणीच्या घरात ती अजून लागू होती. न जेवणं, न विचारता बाहेर जाणं, मोठ्यानं बोलणं, सगळं मना होतं. सासऱ्यानं त्यातल्या दोन गोष्टी एकदम सुरू केल्या. येणाऱ्या जाणाऱ्याला ते मोठ्यानं सांगू लागले, "देव हरवलाय, म्हणून जेवत नाही." गल्लीतली माणसं डोकावून जाऊ लागली. पाच वर्षांत त्यांच्या खाटेपाशी कुणी बसलं नव्हतं. आता बसायला जागा पुरेना.

दाक्षायणीला काळजी होती ती वेगळीच. तिची मुलगी महानंदा लग्नाची, आणि गुरुवारी अक्कलकोटचे पाहुणे तिला बघायला येणार होते. बाहेरच्या खोलीत उपाशी म्हातारा पडलेला असेल तर पाहुणे काय समजतील? घरात सासऱ्याला घालायला अन्न नाही की सुनेला घालायचं नाही?

मंगळवारी सिद्धलिंगय्या आले. हेच ते अय्या, घरचे जंगम, म्हणजे पूजा, लग्न, माती, सगळं त्यांच्या हातचं. वय गुरुसिद्धप्पांएवढंच, एक डोळा फूल पडलेला आणि दुसरा जेवणाच्या ताटावर. दाक्षायणीनं त्यांच्यापुढं उप्पीट ठेवलं. उपाशी माणसाच्या खाटेला खेटून ते खाऊ लागले.

"शेवटचं कधी बघितलाव लिंग?" त्यांनी विचारलं.

"नागम्मा होती तेव्हा."

अय्यांचा घास थांबला. "म्हणजे पाच वर्षं डबी उघडलीच नाही?"

"उघडत नव्हती."

"आणि जेवत होताव?"

"दोन वेळा. दुपारी चहा."

अय्यांनी घास गिळला, पाणी प्यायलं, मिशा पुसल्या. "जुन्या नियमानं सांगू का? ऐकवेल?"

"सांगा."

"लिंग गेलं की माणूस गेला. तुमचं लिंग तेव्हाच गेलेलं असणार. म्हणजे त्र्याहत्तर सालीच तुम्ही वारलाव."

गुरुसिद्धप्पा आढ्याकडं बघत पडून राहिले आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसू लागलं. किती गोष्टींचा उलगडा झाला! गादी विचारल्याशिवाय का उचलली. रेडिओवर भजन लागलं की ते मधेच कसं बंद होतं. लग्नात आपल्या हातात अक्षता द्यायच्या कुणाच्या लक्षात का राहत नाहीत. परवा भिंतींना रंग दिला तेव्हा आपल्या खाटेमागची भिंत तशीच का सोडली. लोक वाईट नव्हते. मेलेल्या माणसाशी जसं वागावं तसं ते नीट वागत होते. आपल्याला कुणी कळवलं नव्हतं, एवढंच.

"अय्या, मग सुतक?" दाक्षायणीनं घाबरून विचारलं. "गुरुवारी पाहुणे येणारेत."

"आपल्यात सुतक पाळत नाहीत."

"मग बरं आहे," ती म्हणाली आणि त्यांच्या ताटात आणखी उप्पीट वाढलं.

बुधवारपर्यंत गुरुसिद्धप्पांचा आवाज बसला. ओठांना पापुद्रे आले. अय्या परत आले, जेवायच्याच वेळेला. दुपारी तिप्पण्णा दुकान बंद करून घरी आला. असं तो आईच्या मातीच्या दिवशी आला होता, त्यानंतर आजच. खाटेशेजारी उभा राहून तो म्हणाला, "आप्पा, तुमचा देव हरवलेला नाही."

"कुठं आहे?"

"कुंभारीला."

कुंभारीला त्यांचं शेत होतं. आणि शेतात नागम्मा होती.

तिप्पण्णानं सांगितलं ते भिंतीकडं बघून सांगितलं. दवाखान्यातून आईला बाहेर काढलं त्या गडबडीत तिच्या गळ्यातली डबी तिथंच राहिली. परत धावत गेला तर खाट धुऊन दुसरं माणूस झोपवलेलं, डबी कुणी पाहिली नव्हती. इकडं शेतात खड्डा तयार, माणसं उन्हात उभी, आणि हातात लिंग नसताना बसवता येत नाही.

"मग अय्यांनी सांगितलं, घरातलंच एखादं बघ, देव एकच आहे."

"मी?" अय्या ताटावरून म्हणाले. "असलं मी सांगेन?" त्यांनी जरा आठवून पाहिलं. "सांगितलं असेन. देव एकच आहे हे काही खोटं नाही."

"तुम्ही काल मला मेलेला ठरवलाव," गुरुसिद्धप्पा म्हणाले.

"ते नियमानं. हे अडचणीत."

गुरुसिद्धप्पा कोपरावर उठले आणि मुलाकडं वळले. "घरातलंच एखादं. मग माझंच का? तुझ्या गळ्यात होतं की."

"माझं कसं देणार, आप्पा?" तिप्पण्णा खरोखरच चकित होऊन म्हणाला. "मला अजून संसार करायचा होता."

हे बोलून झाल्यावर त्यालाही ते ऐकू आलं. पण बोललेलं परत पोत्यात भरता येत नाही. बाहेर गिरणीचा भोंगा झाला. अय्यांनी ताटातली चटणी बोटानं पुसून घेतली.

"मला सांगायचं तरी."

"तुमच्या गळ्यातच डबी उघडली मी. पक्कड लावून. तुम्ही भिंतीला टेकून बसला होताव. डोळे उघडे होते."

"मी काही बोललो नाही?"

"बोललाव की. लिंग काढून घेतलं तेव्हा म्हणालाव, 'चहा नको.'"

दाक्षायणी म्हणाली, "सापडला ना देव? जेवा मग." तिच्या मते विषय मिटला होता.

गुरुवारी सकाळी घरात शिऱ्यासाठी रवा भाजत होते. महानंदाच्या वेणीत अबोली माळली जात होती. गुरुसिद्धप्पांनी परसातला टिकाव खांद्यावर घेतला आणि पुढच्या दारानं बाहेर पडले. कुणी कुठं चाललाव म्हणून विचारलं नाही. दाक्षायणीनं त्यांची खाट लगेच आत ओढून घेतली. तिथं सतरंजी पसरायची होती.

एसटीत गर्दी होती, पण टिकाव घेतलेल्या म्हाताऱ्याला लोकांनी जागा करून दिली.

"काय आजोबा, कुठं खणायला निघालाव?" कंडक्टरनं विचारलं.

"बायकोला."

कंडक्टरनं तिकीट फाडून हातात दिलं आणि कुंभारी येईपर्यंत तो पुढच्याच दाराशी उभा राहिला.

शेत गावाच्या अलीकडं, रस्त्याला लागून. तूर गुडघ्याएवढी आली होती. बांधाजवळ तूर न पेरलेली थोडी जागा, तिथं मातीचा उंचवटा आणि त्यावर एक दगड. शेत केराबाई बघायची. तिचं खोपटं पलीकडच्या कडुलिंबाखाली होतं. तीही म्हातारी, नागम्माच्या बरोबरीची, पण शेतातली असल्यामुळं कुणी तिला अजून म्हातारी म्हणत नव्हतं. खोपटाच्या दारात ती भाकरी थापत होती.

गुरुसिद्धप्पांनी धोतर खोचलं आणि टिकाव उचलला. पहिला घाव बसला. भिजलेली काळी माती टिकावाला अशी चिकटली की तो वर येईना. ओढून काढला. दुसऱ्या घावाला त्यांच्या डोळ्यांपुढं अंधारी आली आणि ते उंचवट्यावरच बसले.

केराबाई पिठाचे हात तसेच घेऊन आली. "आप्पा, काय काढताय? तितं भुईमूग न्हाय."

"माझं सामान राहिलंय हिच्याकडं."

"कसलं सामान?"

त्यांनी सांगितलं. डबी, मोरी, दवाखाना, पक्कड, सगळं. केराबाईनं कमरेवर हात ठेवून ऐकलं.

"पाच वर्सं झाली की. तवर काय केलं?"

"रिकाम्या डबीची पूजा."

"मंग देवानं काय म्हटलं?"

"ऐकत होता," गुरुसिद्धप्पा म्हणाले आणि थांबले. उपाशी पोटी तीन दिवस त्यांना हीच गोष्ट टोचत होती. "केराबाई, डबी रिकामी होती. मग ऐकत कोण होतं?"

"मला काय म्हाईत? मी रोज ढेकळाशी बोलती. ऐकतंय बिचारं." ती उंचवट्याकडं बघत म्हणाली, "खणा की, तुमचा देव हाय. पर तुमी तो काढून नेला, तर तिच्या हातात काय ऱ्हाईल?"

"काही नाही."

"म्हंजी ती तशीच बसणार. हात पसरून."

गुरुसिद्धप्पांनी टिकावाकडं पाहिलं. दवाखान्यात बायकोची डबी राहिली, ती परत आणायला आपण गेलो नव्हतो, मुलगा गेला होता. आपण भिंतीला टेकून बसलो होतो. चहा नको म्हणत होतो.

आणि तेव्हा, भर उन्हात, त्यांच्या डोक्यात एक भयंकर विचार आला.

देव इथं होता. पाच वर्षं इथं होता. म्हणजे पाच वर्षं बाळीवेशीत बसून आपण देवाला जे जे सांगितलं, ते जाऊन पोहोचलं असेल तर इथं. नागम्माच्या तळहातावर.

त्यांना दरदरून घाम फुटला. शेंगाचटणीचं बोललो होतो. माहेरच्यांबद्दल बोललो होतो. ती घोरायची ते बोललो होतो. एका सकाळी तर, लई थंडी होती, तेव्हा ती चौकटीवर डबी हाणायची ते आठवून दोन वाक्यं अशी बोललो होतो की जी जिवंतपणी तिला सांगायला आपल्याला मेलो तरी जमलं नसतं. तेही तिनं ऐकलं असणार.

"सगळं ऐकत होतीस?" ते खाली वाकून म्हणाले.

नागम्मा काही बोलली नाही. त्यावरून त्यांची खात्रीच पटली.

ते हसू लागले. पोटात काही नसल्यामुळं हसणं दुखत होतं. केराबाई दोन पावलं मागं सरकली. मग हसता हसता त्यांना शेवटचं मागणं आठवलं आणि हसू जागच्या जागी थांबलं.

"मग रोज सांगत होतो, मला ने. तेही ऐकलंस की."

कडुलिंबावर कावळा बसला होता. तूर हलत होती.

"रोज सांगत होतो, नागम्मा. पाच वर्षं. खाट दाराशी सरकवली तेव्हा सांगितलं. पोत्यामागं बसवलं तेव्हा सांगितलं. ऐकून गप्प बसलीस?" त्यांनी मुठीत ओली माती धरली. "आधी तू पळालीस ती पळालीस. वर माझा देव घेऊन गेलीस. आणि आता बोलावतही नाहीस. चाळीस वर्षांनी पहिल्यांदा शांत झोप मिळाली असेल, नाही का? कशाला बोलावशील?"

हे खरं असणार हे त्यांना बोलताबोलताच कळलं. तिच्या जागी आपण असतो तरी बोलावलं नसतं.

मूठ उघडायला वेळ लागला; बोटं वाकडी. माती पडली. त्यांनी गळ्यातली डबी काढून तिचं झाकण उघडलं. पक्कड आणि मोरीचा दगड या दोन्हींनी मिळून ते आता ढिलं केलं होतं. उघडी डबी त्यांनी दगडापाशी ठेवली, खिशातली विभूती काढून मातीला लावली. बेल नव्हता, तुरीचं एक पान ठेवलं. मग डोळे मिटले. नेहमीसारखं गाऱ्हाणं सुरू करणार, तोच त्यांना आठवलं की ऐकणारी आता ओळखीची आहे. दाक्षायणीच्या आमटीपासून सुरुवात करायचं त्यांनी रद्द केलं.

"आज महानंदाला बघायला आलेत," ते म्हणाले. "पोरगी तुझ्यासारखी आहे. बोलत नाही. तिचं कसं होतंय कुणास ठाऊक."

बराच वेळ ते बोलत राहिले. केराबाई जाऊन भाकरी उलटून आली. परत आली तेव्हा तिच्या हातात भाकरी आणि ठेचा होता.

"देवाचं झालं?"

"झालं."

"मंग आता खायला चालतंय?"

गुरुसिद्धप्पांनी जरा विचार केला. पूजा झाली होती. लिंग समोर होतं, दोन हात खाली, पण समोरच. नियमात किती खोल चालतं ते दिलेलं नव्हतं. अय्यांना विचारायला हवं. पण अय्या आत्ता अक्कलकोटच्या पाहुण्यांच्या पंगतीत पहिल्या पाटावर बसले असतील.

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. ठेचा जिभेला लागताच डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा ते कशाचं हे कुणाला सांगायची गरज उरली नाही.

"तिखट झालाय," ते म्हणाले.

"तुमची बायकू असाच करायची. मीच तिच्याकडनं शिकले."

गुरुसिद्धप्पांचा घास हातातच राहिला. "शेंगाचटणी पण?"

"व्हय. दर संक्रातीला यायची की हितं, मला घिऊन कुटत बसायची. लई बोलायची."

"कोण? नागम्मा?"

"व्हय की. तोंड थांबायचं न्हाय."

त्यांनी उंचवट्याकडं पाहिलं. काही तरी कडू बोलावं असं त्यांच्या मनात आलं, पण तोंडात ठेचा होता.

भाकरी संपली. केराबाईनं टिकाव उचलून खोपटाला टेकवून ठेवला. तो परत न्यायचा त्यांनी विषय काढला नाही. घरी आता सतरंजीवर पाहुणे असतील, आणि म्हातारे कुठं आहेत म्हणून कुणी विचारलंच, तर तिप्पण्णा काहीतरी बरं सांगेल. वारले म्हणूनही सांगेल. अय्यांचा दाखला होताच.

"मी रोज येणार," गुरुसिद्धप्पा उठता उठता म्हणाले. "पूजा इथं झाल्याशिवाय मला खाता येणार नाही."

"रोज?"

"रोज. ती बोलावील तोवर."

केराबाईनं हात झटकले. खोपटातल्या पिठाच्या डब्याचा तिनं मनात अंदाज घेतला.

"ती न्हाय एवढ्यात बोलवायची," ती म्हणाली. "उद्यापासनं पीठ घिऊन या."